भोंगा झाला, चिंधे

चिंधे, तुला जाऊन आज पंधरा दिवस झाले. चाकणला न्यायची तुझी करंडी अजून खुंटीला टांगलेली आहे आणि ती काढायचं नाव या घरात कुणी घेत नाही. गेलेल्याबद्दल चांगलंच बोलायची रीत आहे. पण तू पडलीस मांजर, तेव्हा मला तेवढी सक्ती नसावी. मी आपली खरं तेच सांगणार. चौदा वर्षं मी तुझ्यावर जळले. सवतीवर जळावं तशी जळले, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सवत चार पायांची.

मंगल शाळेत गेलीय, हे कंपनीत. मंगलच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं घेऊन बसलेय. सातवीपर्यंत शिकलेली बाई मी, कधी तरी लिहिण्याचा उपयोग करावा म्हटलं. माझ्या आईला लिहिलं असतं, पण तिला वाचता येत नाही. तुलाही येत नाही, म्हणून तर बरं आहे.

लग्न होऊन मी चिंचवडच्या या दोन खोल्यांत आले तेव्हा तू आधीपासून इथं नांदत होतीस. उंबऱ्यावरचं माप मी पायानं लवंडलं, तांदूळ पसरले, आणि मी आत पाऊल टाकणार तेवढ्यात तू शेपूट उभी करून आलीस आणि त्या तांदळांतच बैठक मारलीस. बायका खो खो हसल्या. ह्यांनाही हसू आलं. लग्नाचे दोन दिवस मी त्या माणसाचा चेहरा पदराआडून बघत होते, एकदासुद्धा हसला नव्हता. पहिल्यांदा हसला तो तुझ्याकडे बघून. तिथूनच आपलं बिनसलं.

तू ह्यांना कंपनीत सापडलीस. मशीन पुसायला तिथं चिंध्यांची पोती येतात, तसल्या एका पोत्यात तू होतीस, डोळेही न उघडलेली. बाकीचे म्हणाले, राव, टाका तिकडं बाहेर. ह्यांनी डब्याच्या पिशवीतून घरी आणली, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं आणि नाव ठेवलं चिंधी. हेसुद्धा मला ह्यांनी सांगितलं नाही. शेजारणीकडून कळलं, ते पण लग्नाला चार महिने झाल्यावर. मला कोण सांगतंय!

तुझा नवरा नव्हता तो, माझा होता. पण बोलायचे तुझ्याशी. माझ्याशी म्हणजे "पाणी तापलं का", "मीठ कमी आहे", "उद्या डबा नको". बस्स. आणि तुझ्याशी? साडेतीनचा भोंगा झाला की तू जिथं असशील तिथून उठायचीस, अंग ताणायचीस आणि येऊन उंबऱ्यावर बसायचीस. चिंचवडात भोंगा काय एकच वाजतो? सकाळपासून दहा कंपन्यांचे दहा वाजतात. पण ह्यांच्या कंपनीचा तुला बरोबर ओळखू यायचा. मला तो ओळखायला वर्ष लागलं, हे तुला सांगायची लाज वाटते. मी दारात यायला बघायचे, तर उंबऱ्यावर तू. "सरक," म्हणायचे. तू कानसुद्धा हलवायची नाहीस. मग मी आपली स्वयंपाकघरात.

हे सायकल लावायचे, मागच्या दारी धुण्याच्या दगडावर बसायचे आणि हात धुवायला लागायचे. टूलरूमचं काम, हात कोपरापर्यंत काळे. आधी रॉकेलचा बोळा, मग लाकडाचा भुसा आणि साबण. चांगली पंधरा मिनिटं चालायचं ते, आणि तू समोर पाय पोटाशी घेऊन बसलेली. मग सुरू व्हायचं. "चिंधे, आज काय झालं माहितीए..."

मी आत स्टोव्हवर चहा टाकलेला. तो पंपाचा स्टोव्ह, त्याचा आवाज कसला, शेजारच्या घरात बोललेलं ऐकू येऊ नये असा. मग मी काय करायचे? हवा सोडायचे. स्टोव्ह गप्प झाला की ह्यांचा आवाज स्वच्छ ऐकू यायचा. चहा अर्धवट उकळलेला, कोमट. तसाच कपात ओतून द्यायचे. चौदा वर्षं त्या माणसानं कोमट चहा प्यायला, पण त्याबद्दल ब्र काढला नाही.

संसारातली एकूण एक बातमी मला अशी मिळाली, चिंधे, चोरून. ह्यांना परमनंट केलं ते तुला आधी कळलं. माझ्या सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला, ते तुला आधी कळलं. मी भिंतीला टेकून उभी, आणि बाहेर हे तुला सांगताहेत, "म्हातारा आता काय फार दिवस काढायचा नाही, चिंधे. जाऊन यायला पाहिजे." मी मुकाट्यानं पिशवी भरायला घेतली. हे आत आले, पिशवी बघितली, आणि "उद्या साताऱ्याला जायचंय" एवढंच म्हणाले. एकदा म्हणाले, "आज डब्यातली वांग्याची भाजी मला दोन घास मिळाली बघ चिंधे, बाकीची त्या टोळक्यानं संपवली. कुणी केली, कुणी केली, म्हणून मागं लागले होते." माझा असा तिळपापड झाला! भाजी मी केली, पहाटे उठून दाणे मी कुटले, आणि कौतुक मांजराला सांगताहेत. जेवताना मुद्दाम ताटात पुन्हा तीच भाजी वाढली. म्हटलं बघू आता तरी बोलतात का. तर म्हणाले, "पाणी दे."

मंगलच्या वेळी तीन महिने मी चाकणजवळच्या निघोज्याला, माहेरी. एक कार्ड आलं. पाच ओळींचं. चिंधीला तीन पिल्लं झाली. एक पांढरं आहे. चिंधी नीट जेवते. इकडे पाणी दोनच वेळा येते. शेवटची ओळ, बाळाला जप. माझ्या आईनं ते कार्ड माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि पोट धरून हसली. "आगं, मांजरीचं बाळतपान सांगतूया व्हय ह्यो? आन् तुजं?" मी ते कार्ड चुलीत टाकणार होते. टाकलं नाही. अजून ट्रंकेत आहे.

सासऱ्यांच्या त्या दुखण्यात आम्ही आठ दिवस साताऱ्याकडे राहिलो. तिथं एक गंमत कळली. सासरे सासूबाईंशी थेट कधी बोललेच नव्हते. चारचौघांत बायकोशी बोलणं त्या घरात निर्लज्जपणाचं. काही सांगायचं असलं की अंगणातल्या पोराला म्हणायचे, आत सांग रे, पाहुणे यायचेत. पोर नसलं तर गोठ्यातल्या म्हशीला म्हणायचे, "तांबडे, आज भाकरी लवकर टाकायची बरं का." आणि सासूबाई चुलीपासून म्हणायच्या, "बरं." सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा मला हसून हसून ठसका लागला. बाई, काय एकेक माणसं! मागच्या ओसरीवर हे बसले होते, ते मात्र हसले नाहीत.

आता तुझ्या दुखण्याचं सांगते.

गेल्या वर्षी थंडी सरता सरता तुझं पाण्याचं वेड सुरू झालं. वाटीतलं संपवायचीस, मग बादलीवर चढायचीस, मग तुळशीच्या बुडाशी साठलेलं. मला वाटलं ऊन वाढलंय. मग तू सुकायला लागलीस. पाठीवर हात फिरवला तर मणी मोजता येतील अशी. अंगावरची लव चिकट झाली, तोंडाला वास यायला लागला, आणि एक दिवस माझ्या धुतलेल्या गोधडीवर तू मुतलीस. चौदा वर्षांत असं कधी केलं नव्हतंस. मी लाटणं घेऊन धावले, पण तू पळाली नाहीस. तिथंच बसलीस, खाली मान घालून. माझा हात वरच राहिला.

इथल्या जनावरांच्या डॉक्टरनं हात झटकले. माझ्या आईनं निरोप धाडला की चाकणला नवीन डॉक्टर आलाय, गुणाचा आहे. झालं. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी. हे सकाळीच करंडीत पोतं अंथरून तयार. चौदा वर्षांत किती गुरुवार गेले असतील, चिंधे? मी म्हणायचे, एखाद्या गुरुवारी निघोज्याला जाऊन येऊ, आईला बघून फार दिवस झाले. तर म्हणायचे, बघू. तुझ्यासाठी एका शब्दावर एस्टी. करंडी मांडीवर, हात करंडीत, मोशीपर्यंत तुझ्याशी हळू आवाजात काहीतरी पुटपुटणं. एस्टीच्या खडखडाटात मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी शेजारी खिडकीला, बाहेर कांद्याची शेतं बघत बसलेली. मला काय, सवय होती.

दवाखान्याच्या आवारात बैल, म्हशी, एक लंगडी शेळी, आणि मध्ये आपण. एका म्हाताऱ्यानं करंडीत वाकून बघितलं. "मांजार हाय व्हय? एस्टीनं आणलं? आन् तिकीट काढलं का न्हाई तिचं?" सगळी माणसं हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यांचा चेहरा जसाच्या तसा. म्हणाले, "नंबर आमचा आहे, बाबा. जरा बैल मागं घ्या."

डॉक्टर कोवळाच होता. त्यानं तुझ्या पोटाला दोन्ही बाजूंनी बोटं लावून बघितलं, पापणी ओढून बघितली. "मूत्रपिंडं गेलीत हिची. म्हातारपणाचं दुखणं आहे. बरं होणार नाही, पण सांभाळलं तर काही महिने काढील." मग तुझ्या मानेमागची कातडी चिमटीत धरून वासरांची ती एवढी मोठी सुई खुपसली आणि सलाइन सोडलं. तू ओरडलीस. ह्यांनी डोळे मिटून घेतले. डॉक्टरनं पथ्य सांगितलं. पाण्याची वाटी कधी रिकामी ठेवायची नाही. मऊ भात, दूध, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. मीठ अजिबात नको. आणि सुकट-बोंबील तर दाखवायचेसुद्धा नाहीत. मग वर बघून विचारलं, "दिवसभर हिचं करणार कोण?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. काही मागायला म्हणून त्या माणसानं माझ्याकडे कधी बघितलं असेल तर ते त्या दिवशी.

मी म्हटलं, "मी करीन." आणि मनात म्हटलं, घ्या! आता सवतीचं मूतसुद्धा काढा.

नऊ महिने काढलं. तू पहिल्या आठवड्यात माझा अंगठा फोडलास, ती खूण अजून आहे. भात शिजवून बोटानं चेचायचा, दुधात कालवायचा, तुझ्या टाळूला लावायचा. निम्मा तू माझ्या पातळावर थुंकायचीस. पोती धुऊन धुऊन माझ्या हातांची सालं निघाली. वाटीतल्या पाण्याला तू तोंड लावेनाशी झालीस तेव्हा मी तांब्यातून ओंजळीत पाणी धरायला लागले. ओंजळीतलं प्यायचीस. तुझी ती खरखरीत जीभ तळव्याला लागायची आणि मी चूलबील सगळं सोडून तशीच बसून राहायचे. शेजारीण म्हणाली, "सासूचं तरी एवढं केलं असतंस का गं?" मी म्हटलं, सासू चावत नाही.

दर गुरुवारी चाकण, आणि चाकणवरून निघोजं. माझी आई खूश. "जावाय दर बेस्तरवारी दारात! मांजरीचं उपकार म्हनायचं." मला तुझ्यामुळं माहेर मिळालं हे मी तेव्हाच ओळखलं होतं. पण तुझे उपकार मानायचे म्हणजे माझ्या जिवावर यायचं.

कारण एवढं सगळं करूनसुद्धा तू त्यांचीच राहिलीस. सकाळी सातपासून मी. भरवणं मी, पुसणं मी, उन्हात नेऊन ठेवणं मी. दुपारी माझ्या मांडीवर डोकं ठेवून घोरायचीस, मला वाटायचं आता हिला कळलं कोण आपलं ते. आणि साडेतीनचा भोंगा झाला की तू उठायचीस. मागचे पाय धरायचे नाहीत, तरी उठायचीस. माझ्या मांडीवरून उतरायचीस, भिंतीला अंग घासत, थांबत थांबत उंबऱ्यापर्यंत जायचीस. एकदा तरी वळून बघशील! नाही. आधी मी तुझ्यावर जळत होते ह्यांच्यासाठी. आता ह्यांच्यावर जळायला लागले तुझ्यासाठी. माझ्या वाट्याला दोन्हीकडून जळणंच.

मग तो दिवस आला. तुला माहितीच आहे कुठला.

आईनं स्वतःसाठी चाकणच्या बाजारातून आणलेले थोडे बोंबील मला बांधून दिले होते. मी डब्यात वरच्या फळीवर ठेवले होते, झाकण घट्ट लावून. त्या दुपारी तू चांगली होतीस. भात खाल्लास, माझ्या ओंजळीतलं पाणी प्यालीस, माझा हात चाटलास. मी तुझ्याशी बोलले. काय काय बोलले, मंगलच्या शाळेचं, आईच्या गुडघ्यांचं. तू डोळे किलकिले करून ऐकत होतीस. आणि भोंगा झाला. तू उठलीस.

माझं डोकंच फिरलं. फळीवरचा डबा काढला, एक बोंबील घेतला आणि स्टोव्हवर धरला. तू उंबऱ्यापासून दोन हातांवर होतीस. वास गेला. तू थांबलीस. कान मागं वळले, मग मान वळली, मग सगळी तू वळलीस आणि माझ्याकडे आलीस. भराभर आलीस, चिंधे. त्या पायांनी. मी तुकडे करून माझ्या हातानं घातले आणि तू गुरगुरत खाल्लेस, पाच महिन्यांची पोरगी असल्यासारखी. बाहेर सायकल लागली. हे दारात आले. उंबरा रिकामा. एक चप्पल काढलेली, एक पायात, तसेच उभे राहिले आणि उंबऱ्याकडे बघत राहिले. मी जिंकले होते. मला वाटलं होतं जिंकल्यावर बरं वाटेल.

ते मागच्या दारी गेले. बोंबलाचा वास काय लपतो? अख्ख्या ओळीत गेला असेल. तू तोंड चाटत त्यांच्यामागं गेलीस. मी चहा टाकला, नेहमीसारखी स्टोव्हची हवा सोडली. बाहेरून आवाज आला.

"चिंधे, बोंबील खाल्लास होय आज? बरं केलंस. जन्मभर आवडीनं खाल्लेलं, शेवटी शेवटी कशाला जीव मारायचा. आणि जिनं दिलाय तिनं मायेपोटीच दिला असणार. एवढं कोण करतं गं तुझं?"

मी पदर तोंडात कोंबला. माया कसली डोंबलाची! जळून दिला होता. तू माझ्याकडे वळावीस म्हणून दिला होता. आणि बघ कर्म, माझ्या गुन्ह्याची माफीसुद्धा तुलाच सांगितली. तेव्हाही मला तुझाच राग आला.

संध्याकाळी तू सगळं ओकलीस. दोन दिवस तोंडात काही घेतलं नाहीस. गुरुवारी हे तुला धरून बसले असताना मी डॉक्टरला बाजूला घेऊन सांगून टाकलं. तो म्हणाला, "बाई, एका बोंबलानं काही बिघडत नाही. दिवसच भरत आलेत तिचे." तो भला माणूस होता, माझं तोंड बघून म्हणाला असेल. तू तीन आठवडे काढलेस त्यानंतर. बोंबील नसता दिला तर चार काढले असतेस का, हे मला कोण सांगणार? तू तर सांगितलं नाहीस.

शेवटच्या मंगळवारी सकाळपासून तू थंड पडत चालली होतीस. हे कंपनीत जाताना दारात घुटमळले, तुझ्या कपाळावर अंगठा फिरवला, गेले. मी तुला पातळात गुंडाळून मांडीवर घेतलं. ओंजळीतलं पाणी घेतलं नाहीस, तेव्हाच कळलं मला. घड्याळात एक वाजला, दीड वाजला. मग मी असं काही केलं की माझा मलाच विश्वास बसला नाही. तुला उचलून उंबऱ्यावर नेऊन बसले. तुझ्या जागेवर. म्हटलं, "थांब गं बाई. दोनच तास. भोंगा होऊ दे. येतील ते. एवढी चौदा वर्षं बसलीस, आता दोन तास बस." चिंधे, मी रडत होते आणि तुला त्यांच्यासाठी थांब म्हणत होते. मी! आणि तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस. उंबऱ्यावर बसून, रस्त्याकडे पाठ करून, माझ्याकडे. सव्वादोनला गेलीस.

भोंगा झाला तेव्हा मी दारात उभी होते. लग्न झाल्यापासून त्या वेळेला मी दारात कधीच नव्हते. हे गल्लीच्या तोंडाशी आले, त्यांनी मला बघितलं आणि सायकलवरून उतरले. तिथून दारापर्यंत सायकल हातात धरून चालत आले.

"किती वाजता?"

"सव्वादोनला."

"त्रास झाला?"

"नाही."

मागच्या शेवग्याखाली खड्डा ह्यांनी खणला. माझ्या मऊ पातळातच तुला ठेवली. वर माती लोटताना त्यांचे हात काळेच होते. त्या दिवशी ते धुतलेच नाहीत.

मग घर मुकं झालं. मागच्या दारी दगडावर बसायचे, हात धुवायचे, उठायचे. पाण्याचा आवाज, बस्स. स्टोव्ह कशाला बंद करायचा आता? ऐकायला होतं काय? तो भर्रर्र चालू राहायचा, चहा खळखळून उकळायचा. चौदा वर्षांत पहिल्यांदा ह्यांना वाफाळता चहा मिळायला लागला, आणि हे तो कपातच निवू द्यायचे. मंगलनं दोनदा विचारलं, आई, बाबा आजारी आहेत का? मला तुझा असा संताप यायचा! जाताना ह्यांचा आवाज पण घेऊन गेलीस. मला काहीच ठेवलं नाहीस, चोरून ऐकायलासुद्धा.

परवाच्या सोमवारी काय झालं ते ऐक. चहाचं आधण ठेवलं होतं आणि स्टोव्ह आपोआप फुसकन विझला. कचरा अडकला असणार. मी पिन शोधत होते. घर एकदम शांत. आणि बाहेरून आवाज आला, "चिंधे..."

आणि थांबला. सवयीनं निघालं असेल तोंडातून. पाणी ठिबकत होतं ते ऐकू येत होतं.

मी पिन हातात धरून उभी. आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. स्टोव्ह चालू असताना हा माणूस कधी बोलला होता? आठवून बघितलं. एकदाही नाही. रॉकेलचा बोळा चोळत राहायचे, चोळत राहायचे, आत स्टोव्ह गप्प झाला की मगच "चिंधे" म्हणायचे. परमनंट झाल्याचं. म्हाताऱ्याच्या झटक्याचं. वांग्याच्या भाजीचं. चौदा वर्षं चहा कोमट का, हे विचारलं नाही, कारण त्यांना ठाऊक होतं. साताऱ्याच्या गोठ्यातली ती तांबडी म्हैस मला आठवली, आणि हसून हसून ठसका लागलेली मी आठवले. काय म्हणू मी मला! सासूबाई निदान आतून "बरं" म्हणायच्या. मी चौदा वर्षं ओ दिली नाही.

पिन खाली ठेवली. मी आतून म्हटलं, "हं."

बाहेर पाणी ठिबकायचं थांबलं. मग हे म्हणाले, "आज... आज ते नवीन लेथ मशीन आलं. चार महिने येणार येणार म्हणत होते ते."

"मग?"

"मग काय, उतरवताना पट्टा सुटला. माझ्या पायाशी आपटलं. थोडक्यात वाचलो."

"अगं बाई! लागलं कुठं?"

"नाही." आणि जरा थांबून, "भीती वाटली पण."

चिंधे, मी भिंतीला टेकून खालीच बसले. चहा राहिला तो राहिलाच.

आणि काल. काल भोंगा झाला, हे आले, मागं गेले. मी स्टोव्ह मुद्दाम बंद केला. ते काही बोलायच्या आत मीच मोठ्यानं म्हटलं, "चिंधे, त्या दिवशीचा बोंबील मी मायेनं नव्हता दिला. भोंगा झाला की तू मला टाकून उठतेस ते मला बघवत नव्हतं. म्हणून दिला." आवाज फुटला माझा. "जळत होते मी. तुझ्यावर पण, आणि त्यांच्यावर पण."

बाहेर भुशाचं चोळणं थांबलं. मी हात जोडून उभी, देवासमोर उभं राहावं तशी.

"हं," हे म्हणाले.

मग थोड्या वेळानं म्हणाले, "मग?"

तर असं आहे. तुझ्यामुळं झालं, मान्य करते. तुझ्या वाटीत अजून पाणी भरते सकाळी, ते कुणाला सांगू नकोस. पण शेफारून जाऊ नकोस. हे बोलतात ते अजून तुझं नाव घेऊन, आणि काल त्यांनी ओ दिली तीसुद्धा तुझ्याच नावाला, हे माझ्या लक्षात आल्याशिवाय राहिलेलं नाही. माझं नाव त्या माणसाच्या तोंडून कधी ऐकेन कोण जाणे. मेलीस तरी पहिली तूच. मेले, जळतेच आहे मी.

भोंगा झाला, चिंधे. सरक जरा.